शब्दांच्या आधी येणारा राग

दोन वर्षांच्या मुलाला केळं हवं असतं. आई सोलून देते, देता देता ते मधोमध मोडतं, आणि मूल जमिनीवर अंग टाकून देतं. दुसरं केळं पुढे केलं तर तेही ढकलून देतं. त्याला तेच केळं हवं असतं, पण अख्खं! थोड्या वेळापूर्वी याच मुलाला ‘बाबांची चप्पल आण’ म्हटलं, तर चार जोडांतून नेमकी बाबांचीच चप्पल त्यानं आणलेली असते. म्हणजे समज चांगली आहे. मग ‘केळं मोडलं, मला वाईट वाटलं’ एवढं सांगायचं सोडून ते डोकं का आपटतं?

हा प्रश्न कुठल्याही घरातला आहे. सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडे अमरोलीला लागून असलेल्या कोसाडमध्ये त्याला आणखी दोन पदर आहेत. पहिला भाषेचा. इथल्या आवासाच्या, म्हणजे घरकुलांच्या, इमारतींत मराठी, खानदेशी, गुजराती, हिंदी, उडिया बोलणारी कुटुंबं शेजारी शेजारी राहतात, आणि मुलाच्या कानावर हे सगळं एकाच दिवसात पडतं. दुसरा वेळेचा. बाप खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीला; आई घरात साड्यांचं धागा कटिंग किंवा खडे लावण्याचं काम करणारी. मुलाला बोलतं करायचं तर कोणत्या भाषेत, आणि त्यासाठी वेळ आणायचा कुठून? उत्तर शोधण्याआधी मुलाच्या आत काय चालतं ते पाहू.

कळतं खूप, बोलता येतं थोडं

भाषा शिकताना समजणं आणि बोलणं ही दोन कामं बरोबरीनं पुढे सरकत नाहीत. समजणं पुढे असतं, बोलणं बरंच मागे. साधारण वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दीड वर्षाचं मूल सरासरी पन्नासेक शब्द बोलतं, पण त्याला समजणारे शब्द याच्या कितीतरी पट असतात. दोन वर्षांच्या सुमाराला ‘दूध दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची जोडी जुळू लागते. हे आकडे सरासरीचे आहेत. धडधाकट मुलांमध्येही काही महिन्यांचा फरक सहज पडतो.

समजायला ऐकणं आणि आठवणं पुरतं. बोलायला मात्र नेमका शब्द आठवावा लागतो, त्यातले आवाज क्रमानं लावावे लागतात, आणि श्वास, जीभ, ओठ, टाळू यांची हालचाल क्षणभरात जुळवावी लागते. ‘वाईट वाटलं’ यासारख्या शब्दांसाठी आणखी एक अवघड गोष्ट लागते. चप्पल डोळ्यांना दिसते, वाईट वाटणं दिसत नाही. ते आत जाणवतं, आणि त्याला काय म्हणतात हे कुणीतरी सांगितल्याशिवाय मुलाला कळायचा मार्ग नाही.

सुरतेच्या माणसाला हे मागावरून पटकन समजेल. मागावर बोटभर कापड दिसण्याआधी हजारो ताणे बीमवर गुंडाळावे लागतात आणि एकेक करून ओवून घ्यावे लागतात. त्या वेळात कापड काहीच निघत नाही, तरी काम सगळ्यांत जास्त तेव्हाच झालेलं असतं. न बोलणारं मूल ऐकतं तेव्हा त्याचे ताणे भरले जात असतात. म्हणून ‘याला काय कळतंय’ असं समजून त्याच्याशी बोलायचं थांबवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

आदळआपट कशामुळे?

भावना मात्र शब्दांची वाट पाहत नाही. भीती, राग, धोका यांची दखल घेणारे मेंदूतले खोलवरचे भाग जन्मापासून कामाला लागलेले असतात. त्यांपैकी बदामाच्या आकाराचा एक भाग म्हणजे अमिग्डाला. उसळलेली भावना आवरणं, थांबणं, विचार करून वागणं ही कामं कपाळामागच्या मेंदूची, आणि हा भाग पक्का व्हायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागतात. दोन वर्षांच्या मुलाचा राग मोठ्या माणसाइतकाच खरा असतो. तो आवरण्याची यंत्रणा नुकती उभी राहू लागलेली असते, आणि सांगायला शब्द थोडेच. हे तिन्ही एकत्र आलं की मूल अंग टाकून देतं. हट्ट करून आपल्याला नमवायचा बेत आखण्याइतका त्याचा मेंदू अजून तयार झालेला नसतो.

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या अमेरिकी संशोधकांनी 2003 साली दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा प्रसंगांचा, पालकांनी लिहिलेल्या तपशिलावरून, अभ्यास प्रसिद्ध केला. तीनचतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपले होते. या प्रसंगांत दोन प्रवाह दिसले. राग, म्हणजे किंचाळणं, लाथा मारणं, सुरुवातीला जोरात येतो आणि ओसरतो. दुःख, म्हणजे रडणं, हुंदके, आईजवळ सरकणं, पूर्ण वेळ चालू असतं आणि राग उतरल्यावर उघडं पडतं. मोठ्यांना यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. ऐन रागात समजावत बसू नये, कारण त्या वेळी शब्द आत पोचत नाहीत. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही एवढं पाहावं आणि शांतपणे जवळ थांबावं. हुंदके सुरू झाले, मूल जवळ आलं, की बोलण्याची वेळ झाली.

बोट दाखवणं हे बोलणंच

शब्द येण्याआधी मूल हातांनी बोलतं. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमाराला ते बोट दाखवू लागतं. कधी हव्या असलेल्या वस्तूकडे, तर कधी नुसतं ‘बघ ना’ म्हणून: कावळ्याकडे, फिरत्या पंख्याकडे, रुळांवरून धडधडत जाणाऱ्या गाडीकडे. या दुसऱ्या बोटाला फार मोल आहे. ‘मला जे दिसतंय ते तुलाही दिसू दे’ ही माणसानं माणसाला सांगितलेली पहिली कल्पना असते.

मेरेडिथ रो आणि सुझन गोल्डिन-मेडो यांच्या 2009 सालच्या अभ्यासात, जी मुलं चौदाव्या महिन्यात हातवाऱ्यांनी जास्त गोष्टी सांगत होती, त्यांचा शब्दसाठा साडेचार वर्षांच्या वयात मोठा निघाला. ज्या घरांत आईबाप मुलांशी बोलताना जास्त खुणा करत होते, तिथली मुलंही जास्त खुणा करत होती. खुणांचा शब्दांशी संबंध का, हे समजणं सोपं आहे. मूल बोट दाखवतं, आपण तिकडे पाहतो आणि म्हणतो, “हो, गाडी! मोठी गाडी आली!” मुलाचं लक्ष जिथं आधीच खिळलेलं असतं, नेमका तिथला शब्द त्याला त्याच क्षणी मिळतो. आपण दाखवलेल्या वस्तूचं नाव शिकण्यापेक्षा त्यानं स्वतः दाखवलेल्या वस्तूचं नाव लवकर रुजतं.

भावनेला नाव दिलं की काय होतं?

मोठ्या माणसांवर झालेला एक प्रयोग इथं उपयोगी पडतो. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतल्या हालचाली टिपल्या. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितला, तेव्हा अमिग्डालाची खळबळ कमी झाली आणि कपाळामागच्या मेंदूचा एक भाग जास्त कामाला लागला. भावनेला नाव देणं हा तिला आवरण्याचाच एक मार्ग आहे. लहान मुलाला हा मार्ग एकट्याला सापडत नाही. सुरुवातीला शब्द आपण पुरवायचा असतो.

केळं मोडल्यावर घरात सहसा दोन वाक्यं ऐकू येतात. “एवढ्याशा गोष्टीला कुणी रडतं का?” आणि “गप्प बस, नाहीतर पोलीस येईल.” पहिल्या वाक्यातून मुलाला कळतं, की मला जे वाटतंय ते चूक आहे. दुसऱ्यातून एका भावनेवर दुसरी, भीती, लादली जाते. रडणं कदाचित थांबतं, शब्द मात्र एकही मिळत नाही.

त्याऐवजी हे तीन टप्प्यांत करता येतं. पहिला टप्पा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसून जे दिसलं ते सांगणं: “केळं मोडलं.” दुसरा, भावनेला नाव देणं: “तुला अख्खं हवं होतं. वाईट वाटलं ना?” तिसरा, पुढचा रस्ता दाखवणं: “आता काय करू या? वाटीत घालू, की हातात देऊ?” वाक्यं छोटी हवीत. दोन शब्द बोलणाऱ्या मुलाला तीन-चार शब्दांचं वाक्य झेपतं, भाषण झेपत नाही.

भावना मान्य करणं आणि वागणं मान्य करणं यांत फरक आहे. भावानं खेळणं ओढलं म्हणून मुलगी त्याला चावली, तर म्हणावं, “तुला राग आला. चावायचं नाही, दुखतं. ‘माझं आहे’ असं सांग.” राग चालेल, चावणं चालणार नाही, आणि चावण्याच्या जागी काय करायचं हेही तिला मिळालं.

रोजच्या बोलण्यात राग, भीती आणि रडू एवढेच शब्द पुरत नाहीत. कंटाळा आला, हेवा वाटला, लाज वाटली, दचकलास, रुसलीस, आठवण आली, मजा वाटली, हे शब्द त्या त्या क्षणी मुलाच्या कानावर पडू देत. आनंदालाही नाव लागतं. नाहीतर भावनेचं बोलणं फक्त रडल्यावरच होतं असं मूल शिकतं. आईबापांनी स्वतःबद्दलही बोलावं: “आज मी दमलेय. थोडा वेळ बसते, मग खेळू.” घरातल्या पुरुषांनी तर हे जरूर बोलावं. मुलगा आहेस, रडू नकोस, हे ऐकत वाढलेल्या मुलाकडे मोठेपणी रागाशिवाय दुसरा शब्दच उरत नाही.

चार भाषांच्या घरात

सुरत–भुसावळ लोहमार्गानं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबं सुरतेत आली. घरात आजी खानदेशी बोलते, आई मराठी, जिन्यात गुजराती, मोबाईलवर हिंदी. अशा घरातलं मूल एखाद्या दिवशी म्हणतं, “माले पानी जोईए.” अहिराणीतलं, म्हणजे खानदेशीतलं, ‘माले’ आणि गुजरातीतलं ‘जोईए’ एका वाक्यात! आईबाप घाबरतात: मुलाचा गोंधळ होतोय, एकच भाषा ठेवायला हवी.

हा गोंधळ नाही. ज्या भाषेतला शब्द आधी हाताशी आला तो मूल वापरतं. हवी ती गोष्ट त्यानं सांगितली, वाक्याचा क्रमही बरोबर लावला. दोन-तीन भाषा ऐकणारी मुलं उशिरा बोलतात हा समज संशोधनात टिकलेला नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले एकत्र मोजायचे असतात. वीस मराठी, पंधरा गुजराती आणि दहा हिंदी शब्द येणारं दीड वर्षाचं मूल मागे पडलेलं नसतं. त्याला हसू नये, वाक्य तोडू नये. “हो, पाणी हवं? हे घे पाणी,” असं आपल्या भाषेत पूर्ण वाक्य परत द्यावं.

मग घरात बोलायचं कशात? जी भाषा आपल्या तोंडी सहज येते, जिच्यात आपण हसतो, रागावतो, अंगाई म्हणतो, तीत. भावनांचे बारकावे आईबापांकडे त्याच भाषेत असतात. तुटक हिंदी-इंग्रजीत ‘गुड बॉय’, ‘डोन्ट क्राय’ म्हणणारी आई आपल्या बोलीत दहापट जास्त सांगू शकते. खानदेशी बोलायला लाजू नये. गुजराती अंगणात आणि अंगणवाडीत येणारच आहे, आणि पुढे सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी माध्यमातही आहेत.

पडदा शब्द का शिकवत नाही?

काम पुरं करायचं असतं, मूल पायात येतं, मोबाईल हातात दिला की शांत बसतं. थकलेल्या आईला यासाठी दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. पण पडद्यापुढे काय होतं ते माहीत असायला हवं.

पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती बारा बैठकांत प्रत्यक्ष खेळल्या आणि बोलल्या. ती बाळं चिनीतले बारीक आवाज ओळखायला शिकली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. ही बाळं काहीच शिकली नाहीत. पडदा बाळाच्या नजरेकडे पाहत नाही, त्यानं ‘बा’ म्हटल्यावर थांबून उत्तर देत नाही. शिकणं होतं ते या देवाणघेवाणीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको, वर्षभराच्या मुलालाही तो देऊ नये, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको.

कल्पना बोलकी कशी होते?

दीड-दोन वर्षांचं मूल रिकामी वाटी तोंडाला लावून ‘चहा पितं’. हा खोटा चहा मोठी झेप आहे. समोर नसलेली गोष्ट मनात धरणं आणि एका वस्तूला दुसरीचं रूप देणं याच शक्तीवर भाषाही उभी असते. म्हणून भातुकली, लाकडाच्या ठोकळ्याची गाडी, ओढणीची साडी यांना महागड्या खेळण्यांची गरज नसते. आपण त्यात शिरायचं: “मला पण चहा दे. आई गं, गरम आहे!” बाहुली पडली तर विचारायचं, “तिला काय झालं? का रडतेय ती?” स्वतःबद्दल जे सांगता येत नाही, ते मूल बाहुलीच्या तोंडून सांगतं.

प्रश्न विचारला की थांबावं. लहान मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. आणि त्याच्या वाक्यात थोडी भर घालून ते परत द्यावं. ते म्हणालं ‘गाडी गेली’, तर “हो, लांब गाडी गेली, पुलावरून गेली.” चूक दाखवून ‘नीट बोल’ म्हणण्याची गरज पडत नाही.

यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. धागे कापताना, कणीक मळताना, आंघोळ घालताना हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं. “हा धागा लाल. हा लांब. तुझा कुठला?” एवढंही पुष्कळ आहे. कात्री आणि साडीचे खडे मात्र तान्ह्या हातांपासून दूर ठेवावेत. खडे मुलं गिळतात. पाळीवरून आलेल्या बापानं जेवताना दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून ‘आज काय पाहिलंस?’ विचारलं, तर तेही मुलाच्या भाषेत भर घालतं.

ही वाट आपलीच

हे सगळं परदेशातून आलेलं नवं ज्ञान आहे असं वाटू शकतं. पण मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून याची पायाभरणी शंभर वर्षांपूर्वी केली. भावनगरला 1920 साली गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. मुलाला मारायचं नाही, धाक दाखवायचा नाही, त्याचं ऐकायचं, हा तिथला पाया होता. ताराबाई मोडक 1923 साली तिथं आल्या. मुंबईत जन्मलेल्या या मराठी बाईंनी गुजरातेत बालशिक्षणाचं काम उभं केलं, आणि 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

कोसाडचं स्टेशन ज्या मुंबई–वडोदरा लोहमार्गावर आहे, त्याच मार्गानं दक्षिणेला गेलं की महाराष्ट्रात शिरताच डहाणू तालुका लागतो. तिथं बोर्डीला 1945 पासून आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी गरीब आणि आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, खडे ही शिकण्याची साधनं झाली. अंगणवाडी ती हीच. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हे नाव देशभर पोचलं. कोसाडच्या आईला मुलाशी बोलायला महागडा क्लास लागत नाही, हे या दोघींनी पाड्यापाड्यावर करून दाखवलं आहे.

केव्हा तपासणी करावी?

बहुतेक मुलं आपापल्या वेगानं बोलू लागतात. तरी काही खुणा दिसल्या तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. वर्षाचं होऊनही बाळ बडबडत नाही, बोट दाखवत नाही किंवा टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. हाक मारली तर वळत नाही. किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले. अशा वेळी आधी कान तपासावेत, कारण जे ऐकू येत नाही ते बोलता येत नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते, आणि गरज पडल्यास पुढचे उपचार मिळतात. अंगणवाडीच्या कार्यकर बहेनना विचारावं. घरात अनेक भाषा आहेत हे तपासणी पुढे ढकलण्याचं कारण होऊ शकत नाही.

चौकट: थोडक्यात

- समजणं आधी येतं, बोलणं नंतर. न बोलणाऱ्या मुलाशीही भरपूर बोला.
- ऐन रागात समजावू नका, जवळ थांबा. हुंदके सुरू झाले की बोला.
- काय झालं, काय वाटलं, आता काय करू या: हे तीन टप्पे.
- भावना चालेल; मारणं, चावणं चालणार नाही. त्याजागी काय करायचं ते सांगा.
- मूल जिथं बोट दाखवेल तिथला शब्द द्या.
- आपल्या सहज भाषेत बोला. भाषांची सरमिसळ हा दोष नाही.
- विचारा, थांबा, ऐका, भर घालून परत द्या.
- शंका आली तर कान आणि विकास लवकर तपासून घ्या.

मुलाला वाटतं ते सांगता यावं, हा केवळ हुशारीचा प्रश्न नाही. आज ‘भीती वाटली’ म्हणायला शिकलेलं मूल उद्या शाळेत कुणी त्रास दिला, कुणी नको तिथं हात लावला, तर घरी येऊन सांगू शकतं. सांगितलं की ऐकलं जातं, हा विश्वास त्याला पहिल्या तीन वर्षांत घरातूनच मिळतो. म्हणून आजपासून एवढं करा: मूल रडलं की ‘गप्प बस’च्या आधी ‘काय झालं?’ विचारा, आणि त्याला शब्द सापडत नसेल तर तो तुम्ही द्या.